धुरात कोणीच खोकलं नाही

रानशेतला आमच्याकडे पावसाळा संपता संपता कालवणाला काही उरत नसे. आई सुकी मिरची तव्यावर भाजून मिठाबरोबर ठेचायची आणि आम्ही भावंडं खोकत खोकत नागलीची भाकरी खायचो. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. फूड टेक्नॉलॉजी करून तलासरीजवळच्या सॉसच्या कारखान्यात क्वालिटीला लागले, प्रोबेशनवर.

आमचे सॉस तीन. पहिला पातळ, व्हिनेगरचा. जिभेच्या टोकाला झोंबतो आणि लगेच ओसरतो. वरोरच्या तळलेल्या बोंबलावर चार थेंब पुरे. दुसरा लसणाचा, घट्ट, गोडसर. नूडल्सना चिकटून राहतो, म्हणून चायनीजच्या गाडीवर जातो. तिसरा मी बसवलेला, भाजक्या मिरचीचा. आधी धुरकट लागतो, तिखट मागाहून घशात उतरतं. मटणाच्या रश्श्याला उत्तम. त्याचं सॅम्पल डहाणू रोडच्या एका हॉटेलला जायचं होतं. पसंत पडलं तर मी पर्मनंट.

त्या सकाळी नवीन भरडलेली मिरची आली. लालभडक. भाजणीवरच्या सगळ्यात जुन्या बाई, जानकीमावशी, यांनी पाच किलो कढईत टाकली. धूर झाला. रोज या वेळी नुसता खोकल्याचा गोंधळ असतो. त्या दिवशी उलथन्याचा आवाज तेवढा येत होता. सहा बायका पांढऱ्या धुरात उभ्या, आणि कोणीच खोकेना. मी मुद्दाम खोल श्वास घेतला. नुसता जळका वास.

मावशींचा हात थांबला. आमच्याकडे दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकतात. ठसका लागला नाही, तर दृष्ट होती असं समजतात.

"पोरी, पाच किलोला पुरंल एवढी कोणाची लागली असंल?"

दोघी बाहेर निघून गेल्या. डिग्री असून माझ्याही अंगावर काटा आला.

कच्ची चिमूट जिभेवर ठेवून वाट पाहिली. तिखट आलंच नाही. थोडी पाण्यात टाकली, तर पाणी लाल झालं. मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा सुटत नाही. अर्क काढून घेतलेला चोथा कोणीतरी रंगवून विकला होता.

मी कारखान्याच्या मालकांना, आमच्या गुजराती शेठना, कळवलं. ते फोनवर म्हणाले, "बेन, वरून तिखटाचा अर्क घाला. हॉटेलवाला काय लॅब घेऊन बसलाय?"

"कसला रंग आहे ते माहीत नाही. मी सही करणार नाही."

"प्रोबेशन आहे तुमचं."

"माहीत आहे."

ते तडक भाजणीत आले, सवयीने नाकाला रुमाल लावून. त्यांनी रुमाल काढला, श्वास घेतला, पुन्हा घेतला. ठसक्यासाठी तोंड अर्धवट उघडं ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"उतरवा कढई," ते हळू आवाजात म्हणाले.

माझं ऐकलं की दृष्टीला घाबरले, ते मी विचारलं नाही. बाहेरच्या लॅबनेही तो वरून लावलेला रंगच असल्याचं सांगितलं आणि माल परत गेला. आता कुठलाही नवा माल आला की आधी मूठभर भाजून बघतो, आणि तपासणीच्या फॉर्मवर 'ठसका' असा एक रकाना मी वाढवला आहे. यंत्राआधी तो कळतो.

पुढच्या आठवड्यात चांगल्या मिरचीचं सॅम्पल गेलं. पसंत पडलं. मी पर्मनंट झाले.