रिकाम्या हातांची चक्कर

दशरथभाऊ गेल्याचं मला तुमसरच्या बसस्थानकावर कळलं. नाकाडोंगरीचा एक ओळखीचा माणूस एसटीतून उतरला आणि म्हणाला, "बाबूजी, तुमचा डायवर गेला ना. परवाच माती झाली." त्याला आता महिना होऊन गेला. त्यांच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती, ती राहिलीच...

सत्तरच्या दशकात मी तुमसरला एका मालवाहतुकीच्या कचेरीत पार्सलचा कारकून होतो आणि दशरथभाऊ तिथला टेम्पो चालवायचे. कापडाचे गठ्ठे, औषधांची खोकी, शिलाई मशिनी असा नागपूरहून आलेला माल ते खेड्यापाड्यांत घरपोच द्यायचे. टेम्पो अडला की पुढे धानाच्या बांधावरून, नाल्यातून पायीच जावं लागे. त्यांनी टेम्पोतून कधी उडी मारली नाही. दांडी धरून, टेम्पोकडे तोंड करून सावकाश उतरायचे. मग आधी रिकाम्या हातांनी त्या घरापर्यंत जाऊन यायचे. कुठे शेवाळ आहे, कुठला दगड हलतो, कुत्रं मोकळं आहे का, सगळं पाहून मगच पार्सल उचलायचे. तेही एका वेळी एकच, छातीच्या खाली धरून. मी वैतागायचो. "दोन दोन चकरा कायले मारता, दशरथभाऊ?" ते शांतपणे म्हणायचे, "पार्सल डोयापुढं आलं का पाय आंधळा होते, बाबूजी."

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर माल तुंबला, म्हणून मालकाने मला त्यांच्यासोबत धाडलं. नाकाडोंगरीबाहेर नाल्यापलीकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मशीन द्यायची होती. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. दशरथभाऊ नेहमीसारखे आधी वाट तपासायला निघाले. मी म्हणालो, "राहू द्या आता, उशीर होऊन राहिला." ते थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि मशीन उचलली. तिच्यावर कापडाचं खोकं मीच ठेवलं. त्यांच्या हनुवटीला लागत होतं... नाल्यातल्या दुसऱ्याच दगडावरून त्यांचा पाय घसरला. मशीन वाचवायच्या नादात ते कमरेवर आदळले. खुबा मोडला, तो नीट जुळला नाही.

मालकाने माझ्याकडून लेखी मागितलं. नोकरी नवी होती, घरी बायको गरोदर होती. मी लिहिलं, चालकाने वाट न तपासता दोन नग एकदम नेले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याच कागदावरून मालकाने दशरथभाऊंना कामावरून काढलं.

पुढे ते आपल्या गावी, नाकाडोंगरीलाच, दारात बसून सायकली दुरुस्त करायचे. वर्षातून दोन-तीनदा मी जायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो आणि प्रत्येक वेळी पावसापाण्याचं बोलून परत यायचो. तेही कधी तो विषय काढत नसत. चहा झाला, की "अजून थोडं बसा ना, बाबूजी," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, दिवसभर दारात बसलेल्या माणसाला सोबत हवी असेल.

बातमी कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोपुढे, गिरजावहिनींपुढे बसून कागदाची सगळी गोष्ट सांगितली. त्या धान्य निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले माहीत हाये, भाऊजी. त्याईले बी माहीत होतं. मालकानं कागद दाखवला होता ना."

"मग मला कधी बोलले काहून नाही?"

"म्हणत, बाबूजी सांगाले येते अन् तसेच जाते. एक दिवस सोताहून सांगन." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुमी गेल्यावर लय वेळ गुमसुम बसत."

मी उठलो. त्या अरुंद खोलीत खाटेपासून दारापर्यंत, भिंतीला लागून, त्यांनी स्वतःच्या हातांनी एक बांबू बसवला होता, धरून चालायला. इतकी वर्षं येत होतो, पण तो कधी नीट पाहिला नव्हता. मधला भाग हात फिरून फिरून गुळगुळीत, काळसर झाला होता. खाटेकडचं टोक आणि दाराकडचं टोक. ते खाटेवर असताना माझी चाहूल लागली, की याच बांबूला धरून दारापर्यंत येत असणार... मी त्यावर हात ठेवला आणि तो धरूनच दारापर्यंत गेलो.