सोडा, लिंबू आणि नानामामा

मलकापूरहून फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरात गॅसचं बटण बंद आहे ना, ते तिसऱ्यांदा बघत होते. मामेभाऊ म्हणाला, "ताई, नाना गेले गं." माझ्या मनात पहिला विचार आला... माझ्यामुळे गेले. दीड महिना झाला, तो विचार अजून हटत नाही.

नानामामा माझ्या आईचे धाकटे भाऊ, फौजेतले. सुट्टीवर आले की त्यांच्या ट्रंकेतून खाऊच्या आधी फुगे निघायचे. बाटलीत लिंबाचा रस, फुग्यात खायचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडाला बसवून सोडा आत सांडला, की फसफस होऊन फुगा टम्म! बाकीची पोरं टाळ्या पिटायची आणि मी दाराआड. "ये की गं भागूबाई," म्हणत ते मला ओढून आणायचे. "भ्यायला काय हरकत न्हाई. भीत भीत बघ, पन बघ." मी बघायचे, बोटांच्या फटीतून.

गेल्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. उपचार सांगलीत, म्हणून आम्ही त्यांना घरी आणलं. ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. त्या खोलीत काडी ओढायची नाही, असं मशीनवाल्यानं बजावलं आणि माझ्या भीतीला आयतंच खाद्य मिळालं. देवापुढचं निरांजनही मी बंद केलं. माझ्या नऊ वर्षांच्या सईला मात्र हक्काचे आजोबा सापडले होते. दिवसभर दोघांचं सोडा, व्हिनेगर, बाटल्या असं चालायचं.

एका दुपारी बाजारातून आले, त्यांच्या खोलीचं दार ढकललं, तर समोर टेबलावर मेणबत्ती पेटलेली! सई फेसाळलेलं पातेलं तिच्यावर तिरकं धरून उभी. मी धावत जाऊन ज्योतीवर हात मारला, तळहात भाजला आणि मग माझं तोंड सुटलं. "अक्कल आहे का तुम्हाला? जाळून मारायचंय का पोरीला?" वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला मी हे बोलले. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती, ओठ निळसर पडले होते. त्यांनी फक्त हात वर केला. मला वाटलं, ओशाळले. चार दिवसांनी "मलकापूरची हवा मानवंल मला," म्हणून ते निघाले. राहा, असं मी एकदाही म्हटलं नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी तो फोन आला.

तेराव्याहून परतताना पेठ नाक्यापाशी सई गाडीत हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी मशीन बंद होतं."

"कुठल्या दिवशी?"

"मेणबत्तीच्या. आजोबांनी नळी काढली, मशीन मला मागच्या खोलीत ढकलायला लावलं, खिडक्या उघडल्या. अर्धा तास थांबायचं म्हणाले. मग काडी ओढली."

अर्धा तास! संडासापर्यंत जातानाही ज्यांना धाप लागायची, ते न दिसणारा वायू ओतून ज्योत कशी विझते हे पोरीला दाखवायला अर्धा तास नुसत्या हवेवर बसले होते. आणि मशीनची घरघर थांबलीय, एवढंही मला जाणवलं नव्हतं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"आजोबांनी नको सांगितलं. म्हणाले, नळीबिगर बसलो व्हतो हे कळलं तर लय भिईल ती."

यानंतर मी सुधारले असं लिहायला आवडलं असतं. गेल्या रविवारी नानामामांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं होतं आणि फटीतून व्हिनेगरचा वास येत होता. माझा हात दार ढकलायला पुढे गेला. ओरडायचं नाही, असं स्वतःला बजावून मी दारावर टकटक केली. "सई, काय करतेयस गं? मलाही दाखव ना..."

आत घाईघाईनं आवराआवर झाली.

"काही नाही, आई," सई म्हणाली. "तू घाबरू नकोस."