पोळ्याचा हार आणि पुराचा भोंगा

गेल्या पावसाळ्यात नदी माझ्या दुकानात शिरली तेव्हा मी आतच होतो. मोटार वाइंडिंगचं दुकान, नदीपासून दोन गल्ल्या वर. टेबलावर उभा राहून पाणी चढताना पाहिलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आधी दुकानातल्या मोटारी माळ्यावर चढवतो. हे लिहायला लाज वाटत नाही. भीती ही फुकटात मिळणारी अक्कल असते, एवढं धंद्याने शिकवलंय.

म्हणून यावलकडच्या प्रकाशभाऊंचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. केळीवाले, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गावाने पुराची आगाऊ खबर देणारं यंत्र स्वतःच बसवलं होतं. ना सरकारी योजना, ना टेंडर. आमच्या बागलाणातल्या गावातही असं काही करावं म्हणून चार डोकी माझ्या मागे लागली होती. भाऊ म्हणाले, पोळ्याला या, पुरणपोळी खा आणि यंत्रही बघा.

मालेगाव ते धुळे रस्ता लोण्यासारखा. धुळ्यात शेवभाजी खाल्ली, दीडशेत दोघं जेवतील एवढी, आणि तिखट इतकी की अमळनेरपर्यंत कानातून वाफ येत होती. स्वतःची गाडी नसेल तर धुळे, अमळनेर, चोपडा अशी एसटी बदलत जाता येतं, पण अख्खा दिवस हाताशी ठेवा. अमळनेरला चहा घेतला. कडक ऊन होतं. टपरीवाल्याला सांगितलं, सातपुड्याच्या पायथ्याला चाललोय. त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं.

"भाऊ, नदीमा उतरू नका. आठे ऊन शे, पन तठे डोंगरमा पानी पडस. नदी सांगीसन येत नही."

इथे ऊन असलं तरी तिकडे डोंगरात पाऊस पडतो, नदी सांगून येत नाही. गंमत म्हणून बोलला असेल, पण तापीचा पूल ओलांडताना मी गाडीची काच खाली करून पाणी बघत होतो. चोपड्यापासून पुढे रस्त्यात खड्डे आहेत, गाडी सांभाळून. दोन्ही बाजूंना केळी अशी दाट की आत माणूस उभा असला तरी दिसू नये. यावलहून फैजपूरकडे निघालं की डावीकडे डोंगराच्या अंगाला एक फाटा जातो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रकाशभाऊ म्हणाले, नाहीतर रील काढणारे येऊन नदीत उभे राहतील. मुक्कामाला फैजपुरात साधे लॉज आहेत. मी भाऊंच्या घरीच उतरलो.

यंत्र म्हणजे काय, तर गावापासून बरंच वर, डोंगरातल्या पाड्याजवळच्या फरशीपुलावर एक लोखंडी खांब. त्यावर डबी, सोलरची पाटी, आत सिमकार्ड. डबी खाली पाण्याकडे तोंड करून असते आणि पाणी आपल्यापासून किती खाली आहे ते मोजते. पाणी चढलं की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज. प्रोग्रॅम इंटरनेटवर कुणी तरी सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला, तो प्रकाशभाऊंच्या सुनेने जुळवून घेतला. खांब आणि पाटी गावातले हार्डवेअरवाले शांतिशेठ यांची. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घर. भोंगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, त्याचं बटण शेठच्या गल्ल्याशेजारी.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: यंत्र ओरडलं म्हणून भोंगा वाजवायचा नाही. पाड्यावरच्या सुमलीबाई डोळ्यांनी पाणी बघणार, टेकडीवर रेंज मिळते तिथे चढून फोन करणार, मगच बटण. यंत्राला डोळ्याची साक्ष. मला हे फार आवडलं.

पोळ्याच्या दुपारी मिरवणूक वेशीत आली. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली, डफ वाजतोय, आणि ग्रुपवर मेसेज आला: पाणी डबीला टेकलं. शेठनी सुमलीबाईंना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. माणसाचा जीव घाबरला आणि त्याने बटण दाबलं.

तो आवाज मी विसरणार नाही. बैल उधळले, बायका पोरांना उचलून देवळाच्या ओट्याकडे धावल्या. मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. तासभर उलटला तरी नदी आपली घोट्याएवढी. मग वरून फोटो आला. पाड्यावरच्या लोकांनी पोळा म्हणून खांबालाही शेंदूर लावला होता आणि झेंडूचा भलामोठा हार घातला होता. हार डबीच्या तोंडापुढे लोंबत होता. यंत्राने झेंडूलाच पाणी समजलं.

त्यांचं काय चुकलं? आपण गाडीला हार घालतो, मोटारीला घालतो. जो राखतो त्याची पूजा. पण एका बैलाचा पाय दुखावला होता आणि शेठची गावभर टवाळी चालली होती. कुणी विचारायचा, शेठ, आज गुलाबाचा पूर की मोगऱ्याचा? शेठ चिडले. त्यांनी ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला: पाड्यावरच्या कुणीही यापुढे यंत्राजवळ फिरकायचं नाही. मी ऐकला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं छान पडली होती. शेठच्या दुकानात आम्ही चहा घेत बसलो होतो. प्रकाशभाऊंची थोरली बहीण, सगळ्या गावाची आक्का, शेळ्यांना गवत आणायला नदीपल्याडच्या बागेत गेली होती. मेसेज आला. पाणी चढतंय.

शेठनी फोन लावला. लागला नाही.

"आज परत हार निघाला ना भाऊ, तर या भोंग्याला उद्या कुत्रंही उठणार नाही," शेठ म्हणाले. "साक्ष येऊ द्या. नियम आपणच केलाय."

प्रकाशभाऊ म्हणाले, आक्का पलीकडे आहे. शेठ म्हणाले, माहीत आहे. दोघांचंही खरं होतं. बाहेर एक ढग नव्हता. दुसरा मेसेज, मग तिसरा. मी पुन्हा पुन्हा आकडे बघत होतो आणि तेव्हा लक्षात आलं. काल आकडा एकदम वर जाऊन तिथेच थांबला होता. आज तो पायरी पायरीने चढत होता.

"शेठ," मी म्हणालो, "हार लोंबतो. चढत नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

भोंगा वाजला आणि गाव हसलं. खरंच हसलं. पारावरचे उठलेसुद्धा नाहीत. आम्ही काठावर पोचलो तर आक्का डोक्यावर भारा घेऊन पात्रात अर्ध्यावर आली होती. पात्र रुंद, गोट्यांनी भरलेलं. भोंगा ऐकून तीही थांबली, भारा सावरला, हसून हात हलवला. काठावर कपडे धुणारी एक बाई ओरडली, आक्का, तुम्हाले हार घालाले बोलावू रायले. प्रकाशभाऊ धोतर खोचून पात्रात पळत सुटले. मी काठावर उभा राहिलो. पाय उचललाच नाही. दुकानातलं ते टेबल आठवलं आणि मी जागच्या जागी खिळलो.

आधी वास आला. ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा. मग घरघर, दहा ट्रक घाट उतरत असल्यासारखी. कपडे धुणारी बाई बादली टाकून वर पळाली. भाऊंनी आक्काचा भारा फेकला, तिला दंडाला धरून ओढत आणलं. शेवटची चार पावलं त्यांनी गुडघाभर पाण्यात टाकली, आणि मी त्यांच्या मागे पाहतो तर आक्का उभी होती तिथे मातकट पाण्याची भिंत, तीत फिरणारे केळीचे खांब आणि मुळासकट एक बाभूळ. आक्का काठावर बसली. बराच वेळ तिचा हात भावाच्या सदऱ्यातून सुटेना.

गाव काठावर जमलं. आता कुणी हसत नव्हतं.

सुमलीबाईंचा फोन आला नव्हता तो रेंजमुळे, अशी आमची समजूत. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर शेठ म्हणाले, वर जाऊन येऊ. जीप फरशीपर्यंत जाते, पुढे पायी. सुमलीबाई अंगणात मका सोलत होत्या. शेठनी विचारलं, पाणी दिसलं नव्हतं का?

"दिसलं ना. लई मोठं." त्या मक्यावरून नजर न उचलता बोलत होत्या. "पण तुम्हीच बोलले, जवळ फिरकू नका. मी समजली, आता मशीन एकटंच करेल."

शेठ तिथेच मातीत बसले. त्यांनी काय माफी मागितली ते मी लिहीत नाही, हळू आवाजात होतं. मग सुमलीबाई त्यांना खांबापाशी घेऊन गेल्या, आणि हार कुठे घालायचा ते दोघांनी मिळून ठरवलं: पाटीच्या मागे, वरच्या कडीला, डबीच्या तोंडापासून लांब. शेठनी स्वतः कडी बसवली. त्यांनी आणलेल्या पुरणपोळ्या पाड्यावर वाटल्या गेल्या. मी मात्र सारखा वरच्या डोंगराकडे बघत होतो.

घरी परतून महिना झाला. त्या ग्रुपमधून मी बाहेर पडलेलो नाही. मेसेजचा टोन वाजला की अजूनही जेवता जेवता घास थांबतो. आमच्या चार डोक्यांना यंत्राची घाई आहे, सामान सगळं मिळतं, फार खर्चही नाही. मी ऑर्डर दिलेली नाही. दर रविवारी आमच्या नदीच्या वरच्या अंगाला शेवटच्या वस्तीत जाऊन बसतो, चहा पितो, माणसं ओळखतो. सगळा बेत समजावून सांगितला. खांब कुठे, डबी कुठे, फोन कुणी करायचा.

परवा तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्याकडून तुम्हाला कळेल. आम्हाला कोण कळवणार?"

त्यांच्या वर आणखी डोंगर आहे. तिकडे अजून मी गेलेलो नाही.