खरवडणारा हात

मालवणच्या समुद्रात माशांसाठी मुद्दाम बुडवलेलं एक जहाज पाहायला मी बुडी मारली. सोबत त्याच जहाजावर नोकरी केलेले एक म्हातारे खलाशी होते. पत्र्यावर कालवं दिसताच त्यांचा हात ती खरवडू लागला. गाइडनं मनगट धरून तो हळूच बाजूला केला.

होडीत आल्यावर गाइड म्हणाला, "काका, खरवडू नकात. ता आता माशांचा घर आसा."

"जहाज टिकावं म्हणून सगळी नोकरी हेच खरवडण्यात गेली रे," काका म्हणाले.

ज्याला जन्मभर जपलं, ते आपल्या हातांवाचूनच बहरू लागलं, तर त्या हातांनी जायचं कुठे? काकांनी नखात अडकलेली कालवाची कपची काढली आणि किनारा येईपर्यंत ती मुठीत धरून बसले.