मेव्हण्याचा नंबर

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, आणि लिफ्ट बंद पडल्याशिवाय यांना कोणी बोलावत नाही. म्हणजे जन्मभर जिनेच चढायचे. एवढं कमी पडत होतं म्हणून की काय, रोज पहाटे धावायलाही जायचे.

हट्ट एकच. आपल्या शहराची मॅरेथॉन पन्नाशीच्या आत एकदा तरी चार तासांच्या आत संपवायची. दरवर्षी थोडक्यात हुकायचं. कधी पाय दगा द्यायचे, कधी पोट. मी चिडवायचे, "एवढा वेळ घराला दिला असतात तर फरशी तरी चकाकली असती." हे हसायचे आणि बूट उन्हात ठेवायला गॅलरीत जायचे.

पन्नाशीआधीची ती शेवटची शर्यत. नेमका प्रवेशाच्या सोडतीत यांचा नंबर लागला नाही, माझ्या धाकट्या भावाचा लागला. तो बँकेत आहे. साहेबांनी अर्ज भरला म्हणून यानेही भरलेला. एरवी दुसऱ्या मजल्यावर जायलाही याला लिफ्ट लागते. शर्यतीच्या आठवड्यात त्याची कंबर धरली.

"भाऊजी, माझा नंबर तुम्हीच छातीवर लावा," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायचा?"

मला केवढं कौतुक वाटलं त्याचं!

हे धावले. शेवटच्या कमानीशी मी उभी होते. वरच्या घड्याळात चारचा आकडा लागायच्या आत हे खालून गेले आणि कठड्याला धरून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. लाज कसली त्यात?

पण नंबराच्या मागे वेळ नोंदवणारी चिप असते. तो कोणाच्या छातीवर आहे हे तिला काय कळणार? संध्याकाळी निकालात भावाचं नाव झळकलं. बँकेत त्याचा सत्कार झाला, आणि 'मी नव्हतो' म्हणायला त्याची जीभ काही रेटली नाही. आणि खरं बाहेर आलं तर दुसऱ्याच्या नंबरावर धावल्याबद्दल दोघांवरही बंदी.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी माझ्या नावावर धावतो. पन्नाशी काय, थोडी इकडेतिकडे. एकदा जमलं ते परत जमेल."

नाही जमलं. उन्हाळ्यात एका इमारतीच्या जिन्यावर गुडघा गेला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, हाडावर हाड कसं घासतंय ते दाखवलं आणि धावणं कायमचं बंद म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून यांना जेवलात का म्हणून विचारावं लागतं.

परवा भावाकडे जेवायला गेलो. त्याचे साहेबही होते. भिंतीवर प्रमाणपत्र, चौकटीत. भाऊ रंगात आला. पुलाचा चढ, समोरचा वारा, सगळं यांनीच त्याला सांगितलेलं, शब्दन्‌शब्द. सांगून सांगून आता त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलंय. माझं डोकं फिरलं होतं. मी यांच्याकडे बघत होते. आता तरी बोलतील.

"आणि पूल उतरताना उजव्या पोटरीत असा गोळा आला म्हणता..."

"डाव्या," हे म्हणाले.

सगळ्यांच्या माना यांच्याकडे वळल्या.

"डाव्या पोटरीत आला होता तुझ्या," यांनी शांतपणे पाण्याचा ग्लास उचलला. "तूच नाही का मला सांगितलंस?"