लक्ष्मीआईचं डावं फूल

आजवर हे कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — बहुधा तुम्ही माझ्या आत्याला ओळखत नाही म्हणून. गेल्या मंगळवारपासून घास गोड लागत नाही. फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो.

सरळ सांगणार होतो. पण बघा — लगेच इकडचं तिकडचं सुरू झालं.

सणसरच्या बाजूला सरकारनं टेक्नॉलॉजी पार्क करायचा ठरवला, तेव्हा जमीनमालकांची संमती मिळवणाऱ्या कंपनीत मी होतो. गावचा पोरगा, इंजिनिअर, बोलायला गोड, म्हणून मला पुढं केलेलं. काम चांगलं होतं, असं मी मानत होतो. अजूनही मानतो. आमच्या पोरांनी शिकायचं इथं आणि नोकरीला पुणं गाठायचं, हे किती दिवस चालायचं? चावडीवर हे मी इतक्यांदा बोललोय की आता तोंडपाठ झालंय.

सगळं जुळलं, एक आत्या सोडून. वडिलांची सख्खी बहीण. माझी आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. नवऱ्यामागं एकटीनं ऊस केला, आणि तिचं रान नेमकं पार्कच्या रस्त्याच्या तोंडावर. ‘घरची बाई वळत नाही, तुम्ही गाव काय वळवणार?’ असं साहेब म्हणाले होते. हसतच म्हणाले, पण मला झोंबलं. — हे कारण म्हणून सांगत नाहीये.

आत्या म्हणाली, “मला काय इचारतोस? आईला इचारू.”

आई म्हणजे तिच्या बांधावरची, लिंबाखालची लक्ष्मीआई. शेंदूर लावलेला दगड. तिला कौल लावायचा. दोन ओली फुलं तिच्या दोन अंगांना चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. विहीर खणायची असो की घरातलं लग्न, आत्याचं पाऊल कौलाशिवाय पुढं पडलेलं नाही.

माझा विश्वास? छे. मी मनातल्या मनात हसत होतो.

तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दगड अंधूक दिसायचा, फुलं नाहीत. म्हणून बघायला मी. तिनं हात जोडले. “आई, रान देऊ का?” वारा अजिबात नव्हता. आणि डावं फूल ओघळून खाली आलं.

“काय पडलं रं?”

“उजवं, आत्या.”

बस्स. एवढंच. शिवाय तिनं चाचपून बघितलं तर कळू नये म्हणून दुसरं फूल मी नखानं हळूच काढून टाकलं — तेही सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, दगड काय, फूल काय, त्यात एवढं ते काय? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण मानत नव्हतो, तर डावं पडताना माझ्या तळव्यांना घाम का फुटला? आणि ती तर मानत होती ना? तिनं विचारलं होतं मला. माझ्या डोळ्यांवर विसंबून.

पार्क झाला. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, रस्ता झाला, गावातल्या काहींना नोकऱ्याही लागल्या. आत्याचा मोबदला चोख मिळाला, बारामतीत फ्लॅट झाला. तिला कुणी फसवलं नाही — माझ्याखेरीज. पहाटे जाग येते, जायचं कुठं ते कळत नाही, म्हणून ती जिन्यात येऊन बसते. शेजारणींनी विचारलं की म्हणते, “आईनंच कौल दिला. आमी कोण न्हाय म्हननार?” हे ऐकलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत जातो. तिचं सगळं सोसणं त्या एका शब्दावर उभं आहे, आणि तो शब्द देवीचा नाही, माझा आहे. खरं सांगितलं तर तिचा आधार जाईल, म्हणून मी गप्प, असं मनाला समजावत होतो. तेही खोटं. ती माझ्याकडं कशी बघेल, याला मी भ्यालो होतो.

इतकी वर्षं ती टाळत आलेलं डोळ्यांचं ऑपरेशन मागच्या महिन्यात एकदाचं झालं. मीच नेलं होतं. पट्टी निघाल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “केस पिकलं की रं तुझं,” म्हणाली.

मंगळवारी तिला आईकडं जायचं होतं. लक्ष्मीआई आता पार्कच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या फरशीच्या ओट्यावर आहे. आत्याच्याच रानात शिरायला गेटवर आमची चौकशी झाली. तिनं पिशवीतून फुलं काढली, भिजवली, चिकटवली.

“आई, हितं बरी हायस न्हवं?”

डावं पडलं.

आम्ही दोघं शेजारी उभे. तिचे डोळे उघडे, लख्ख. दगडावरची नजर न काढता तिनं विचारलं, “काय पडलं रं?”

आणि माझ्या तोंडून निघालं — “उजवं.”

ती वाकली, ओट्यावरचं फूल उचललं आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग खिसा हातानं थापटला, शाळेत पाठवताना थापटायची तसा.

“चल,” म्हणाली.

मी गाडी काढली. बारामती येईपर्यंत ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. एकही चुकली नाही.