पश्चिमेला उगवणारा चंद्र

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं पोटात ठेवलं — आज तुमच्यासमोर काढतोय.

मी तेव्हा विशीत होतो. काशीत मंगळागौरीच्या गल्लीत आमचं घर, वडील ज्योतिषी. थोरली बहीण यमूताई लहान वयातच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिला अक्षरओळख नव्हती. पण वडील पंचांगाचं गणित मोठ्यानं करत, ते डाळ निवडता निवडता ऐकून हिच्या डोक्यात सगळं पक्कं बसलेलं. वडिलांचा आकडा चुकला की ती नुसती खाकरायची. वडील मुकाट्यानं पुन्हा मोजायचे!

पुण्याहून एक मासिक यायचं. त्यात मंगळावरच्या नगरीची गोष्ट क्रमशः छापून येई — काचेचे मनोरे, हवेत तरंगणाऱ्या नावा, आकाशात दोन चंद्र. दुपारी छतावर मी वाचायचो, ताई ऐकायची. ऐकायची कसली — राहायचीच तिथं. मला तिनं हवेतल्या नावेवर नावाडी नेमलं होतं, आणि स्वतः वेधशाळेत. "तिथं बायकांना कोण अडवतंय," म्हणायची.

एका दुपारी तिनं मला मध्येच थांबवलं.

"दत्तू, जवळचा चंद्र दिवसातून तीन फेऱ्या मारतो ना? मग तो पूर्वेला कसा उगवेल? मंगळ फिरतो त्याहून तो जोरात धावतोय. पश्चिमेलाच उगवणार."

मला कळेना. मग तिनं मला मधे उभं करून सावकाश गोल फिरायला लावलं आणि स्वतः त्याच दिशेनं माझ्याभोवती भरभर चालली. दर खेपेला ती मागून — म्हणजे पश्चिमेकडून — येऊन मला गाठायची, पुढं निघून जायची. पटलं! लिहिणाऱ्यालाही न सुचलेलं हिला सुचलं होतं.

तिनं पत्र सांगितलं, मी लिहिलं. शब्द न् शब्द तिचा. खाली मात्र — मी माझं नाव घातलं. का? बाईचं पत्र कोण वाचणार, अशी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. ती हुशारी मला माझी हवी होती.

दोन महिन्यांनी नव्या अंकात नगरीतले लोक पश्चिमेकडे तोंड करून चंद्रोदय पाहत होते. खाली टीप — चूक दाखवणाऱ्या काशीच्या विद्वानाचे आभार. आणि माझं नाव. टिपेपाशी येऊन मी वाचायचा थांबलो. ताई आनंदानं उठून उभी राहिली होती.

"म्हणजे पत्र पोचलं! माझं नाव आलंय का रे?"

"नाही, ताई."

ती पुन्हा खाली बसली. मग हसली. "असू दे. चंद्र तर नीट उगवला."

तो अंक दाखवून मी शाळेत गणिताचा मास्तर झालो. महिनाभरात शेजारचे पंडितजी दारातूनच ओरडले, "यमुना बिटिया, तुम्हारे भाई का नाम छपा है, वो चाँदवाली बात पर!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मला माहीत नाही, मी खाली बघत होतो.

"हाँ चाचा," ती म्हणाली, "पढ़ा-लिखा है न."

तिनं मला कधी जाब विचारला नाही. माझा डबा भरला, आजारपण काढलं, चारचौघांत माझं कौतुकही केलं. फक्त मंगळाची गोष्ट वाच, असं पुन्हा कधी म्हणाली नाही. ती गोष्ट पुढं दोन वर्षं येत राहिली. मी ती खालच्या खोलीत एकटाच वाचली.